गावकीने वाळीत टाकलं तर: तक्रार कशी बांधायची आणि कुठे द्यायची

गावकीचा, म्हणजे गावातल्या पंचमंडळींचा, वाळीत टाकण्याचा निर्णय कोकणात क्वचितच कागदावर येतो. मुंबईत एखाद्या खोलीत तिथे राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाची बैठक होते, गावात देवळात किंवा सहाणेवर (पालखी बसवायच्या चौथऱ्यावर) तो तोंडी सांगितला जातो. अमक्याच्या घरी जायचं नाही, त्याला बोलवायचं नाही, जो जाईल त्याला दंड. दुसऱ्या दिवसापासून दुकानदार ‘माल संपला’ म्हणतो, वाडीतली माणसं पाखाडीवर (दगडी पायवाटेवर) समोर आली तरी मान वळवतात आणि शिमग्यात पालखी दारावरून पुढे जाते.

असं घर पोलीस ठाण्यात जातं आणि सांगतं, “साहेब, गावाने वाळीत टाकलंय.” अर्धी तक्रार इथेच बुडते, कारण गाव हा आरोपी होत नाही. आरोपीला नाव लागतं. त्याने कुठे, कधी, कोणासमोर काय केलं हे लागतं. तोंडी हुकूम नावानिशी, तारखेनिशी कागदावर कसा आणायचा, हेच इथे मुख्यतः सांगितलं आहे. बाकीची कार्यालयीन धावपळ त्यानंतरची.

१. कायदा काय म्हणतो, थोडक्यात

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा मंजूर झाला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ पासून तो लागू आहे. असा वेगळा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. त्यामागे रायगड आणि रत्नागिरीतल्या गावकीच्या प्रकरणांचा मोठा वाटा होता.

कायद्याच्या कलम ३ मध्ये बहिष्काराचे प्रकार मोजून दिले आहेत. लग्न, अंत्यविधी किंवा धार्मिक विधी करू न देणं. समाजाच्या कार्यक्रमात, मिरवणुकीत येऊ न देणं. देऊळ, सभागृह, स्मशान, शाळा, दवाखाना वापरू न देणं. धंद्याचे संबंध तोडायला लावणं. विशिष्ट कपडे किंवा भाषा यांची सक्ती करणं. नीतिमत्ता, राजकीय कल, लैंगिकता अशा कारणांवरून भेदभाव करणं. यातला एक प्रकारही पुरतो.

शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बैठक भरवणारे, ठरावाला साथ देणारे आणि मागून चिथावणारेही यात येतात. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाची परवानगी न घेता तपास करता येतो. पण तो जामीनपात्रही आहे. आरोपी त्याच दिवशी सुटून घरी आले तर केस संपली असं समजू नका आणि गावात तसं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

२. आधी पारखून घ्या: वाळीत आहे की भांडण?

शेजाऱ्याने बोलणं सोडलं, भावकीने लग्नाला बोलावलं नाही, बांधावरून वाद झाला, पालखीचा मान कोणत्या घराचा यावर दोन घरं भांडली. हे सगळं त्रासदायक असतं, पण यातलं काहीही आपोआप सामाजिक बहिष्कार ठरत नाही. मानपानाचे वाद दिवाणी कोर्टाचे असतात. अशी तक्रार ‘वाळीत’ म्हणून दिली की पोलीस ती बाजूला ठेवतात आणि पुढे खरा बहिष्कार झाला तरी ‘यांचं नेहमीचंच’ म्हणून हसतात.

तीन प्रश्न विचारा. ठरवून झालं का? इतरांना तसं वागायला भाग पाडलं जातंय का? न ऐकणाऱ्याला दंडाची किंवा वाळीत टाकण्याची धमकी आहे का? पहिल्या प्रश्नाबरोबर उरलेल्या दोनांपैकी एकाचं उत्तर ‘हो’ असेल तर तुमचं प्रकरण या कायद्याचं आहे, असं धरून कामाला लागा.

आणखी एक अट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हा कायदा एकाच समाजातल्या माणसांनी आपल्याच समाजातल्या माणसावर घातलेल्या बहिष्काराबद्दल आहे. समाज म्हणजे धर्म, पंथ, जात, पोटजात यांनी जोडलेला गट. म्हणून तक्रारीत ‘अर्जदार आणि खालील व्यक्ती एकाच समाजाच्या आहेत’ हे वाक्य समाजाच्या नावासह लिहाच. ते नसेल तर पुढे आरोपीचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. पीडित अनुसूचित जाती-जमातीचे आणि आरोपी बाहेरचे असतील तर रस्ता वेगळा. तो ८ व्या टप्प्यात आहे.

३. वही उघडा

साधी दोनशे पानी वही घ्या. सुटे कागद नकोत. प्रत्येक प्रसंगाची नोंद त्याच दिवशी करा. नोंदीत पाच गोष्टी हव्यात: तारीख आणि वेळ, जागा, कोण (पूर्ण नाव आणि वाडी), नेमके शब्द, आणि तिथे आणखी कोण होतं.

“सगळ्यांनी बोलणं टाकलं” ही नोंद निरुपयोगी. “सकाळी साडेनऊ वाजता किराणा दुकानात अमुक यांनी मला साखर दिली नाही. ‘तुला माल दिला तर मला पाच हजार दंड आहे’ असं म्हणाले. शाळेतले शिक्षक तिथे होते” ही नोंद चालते. ज्या भाषेत बोलणं झालं तीच लिहा, मालवणी असेल तर मालवणी, आगरी असेल तर आगरी. प्रमाण मराठीत सुधारून लिहिलेलं वाक्य उलटतपासणीत बनावट वाटतं.

दुकानदारासारखी माणसं बहुतेक वेळा स्वतःच दबावाखाली असतात. त्यांना आरोपी करण्याची घाई करू नका. ‘मला दंड आहे’ म्हणणारा माणूस तुमचा सगळ्यात मोलाचा साक्षीदार होऊ शकतो. आरोपींमध्ये ठरवणारे, सांगणारे आणि दंड वसूल करणारे यांचीच नावं ठेवा. पन्नास नावांची तक्रार पोलिसांना नको असते, कोर्टात टिकत नाही आणि गावातली उरलेली मधली माणसंही तुमच्या विरोधात जातात. बैठक बोलावणारे चार, ठराव सांगणारे दोन, दंड मागणारा एक, अशी सात-आठ नावं पुरेशी असतात.

४. पुरावा: काय धरायचं, कसं जपायचं

*मोबाइल.* गावाच्या किंवा वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर काही आलं असेल तर स्क्रीनशॉट घ्या, पण मूळ संदेश पुसू नका आणि फोन बदलू नका. गटातून तुम्हाला काढलं असेल तर तो ‘काढून टाकलं’ असा दिसणारा संदेशही पुरावाच आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुमच्या सहीचा आणि एक तज्ज्ञाच्या सहीचा. ते वकिलाकडून करून घ्या. नुसता छापलेला स्क्रीनशॉट जोडून दिला तर पुढे अडचण येते.

*रेकॉर्डिंग.* तुम्ही स्वतः हजर असलेल्या बैठकीचं किंवा स्वतः केलेल्या फोनचं रेकॉर्डिंग कोर्टासमोर ठेवता येतं. कोणाच्या घरात फोन लपवून ठेवू नका. रेकॉर्डिंग कापू नका, आवाज वाढवू नका, मूळ फाइल दुसऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपने पाठवून तीच मूळ म्हणून दाखवू नका. व्हॉट्सअ‍ॅपमधून गेलेली फाइल बदललेली असते.

*पैसे.* दंड मागितला गेला असेल तर रोख देऊ नका. आधीच दिला असेल तर कोणाला, किती, कोणासमोर, हे लिहा. कोणत्या हिशोबात जमा झाला तेही शोधा. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल तर त्याला लेखापरीक्षित हिशोब ठेवावे लागतात, आणि कधी कधी हा पैसा तिथे ‘देणगी’ म्हणून बसलेला सापडतो. नेहमीची वर्गणी तुमच्याकडून घ्यायला नकार दिला तर तोही पुरावा. अशा वेळी वर्गणीची रक्कम मनीऑर्डरने मंडळाच्या अध्यक्षांना पाठवा. परत आलेली मनीऑर्डर ही पोस्टाचा शिक्का असलेली साक्ष असते.

*साक्षीदार.* गावातले साक्षीदार फुटतात, हे गृहीत धरून चाला. गावावर अवलंबून नसलेली माणसं शोधा: शिक्षक, आशा सेविका, पोस्टमन, एसटीचा वाहक, बाहेरगावचा भटजी ज्याला येऊ नको म्हणून फोन गेला, दुसऱ्या गावचा मंडपवाला ज्याची सुपारी रद्द करायला लावली. साक्षीदार डळमळीत वाटला तर त्याचा जबाब भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावा, अशी लेखी विनंती तपास अधिकाऱ्याकडे करा. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, त्यामुळे तो नंतर सहज हात झटकतो. दंडाधिकाऱ्यासमोर शपथेवर दिलेल्या जबाबापासून मागे फिरणं तितकं सोपं नाही.

५. कागदपत्रं

– ओळखीचा आणि राहण्याचा पुरावा: आधार, मतदार ओळखपत्र किंवा शिधापत्रिका
– घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा घराचा नमुना ८ उतारा (गावात घर आहे हे दाखवायला, चाकरमान्यांच्या, म्हणजे नोकरीसाठी मुंबईत राहणाऱ्यांच्या, बाबतीत हे विशेष लागतं)
– वाट, विहीर, जमीन यांचा संबंध असेल तर सातबारा आणि नकाशा
– मागच्या वर्षांच्या वर्गणीच्या पावत्या, मंडळाच्या अहवालातलं तुमचं नाव (तुम्ही समाजाचे घटक होतात हे दाखवायला)
– वहीतल्या नोंदींच्या छायाप्रती. मूळ वही तुमच्याकडेच
– फोटो, स्क्रीनशॉट, पेन ड्राइव्ह
– बैठकीची नोटीस असेल तर ती, मंडळाचा नोंदणी क्रमांक माहीत असेल तर तो

सगळ्याच्या तीन प्रती. एक देण्यासाठी, एक पोच घेण्यासाठी, एक वकिलासाठी.

६. अर्ज असा लिहा

दोन पानं पुष्कळ झाली. पूर्वजांपासूनचा इतिहास, देवस्थानच्या जमिनीचा वाद, कोणी कोणाला काय म्हटलं होतं, हे सगळं गाळा. कलमांचे आकडेही घालत बसू नका. कलमं लावणं पोलिसांचं काम आहे. घटना नीट लिहा. साचा असा:

“मी, (नाव), वय, राहणार (वाडी, गाव, तालुका), (समाजाचे नाव) समाजाचा घटक आहे. खाली नावं दिलेल्या व्यक्ती याच समाजाच्या आहेत.

दिनांक … रोजी … वाजता … येथे … यांनी बैठक बोलावली. तिथे … यांनी ‘…’ असे शब्द उच्चारून माझ्या कुटुंबाशी संबंध ठेवू नयेत आणि जो ठेवेल त्याला … रुपये दंड, असं जाहीर केलं. … आणि … यांनी त्यास दुजोरा दिला. त्या वेळी … हे हजर होते.

त्यानंतर पुढील प्रसंग घडले: (तारखेनुसार, प्रत्येकी दोन-तीन ओळी.)

वरील कृत्यं महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी २०१६ च्या कायद्याखाली गुन्हा आहेत. कृपया गुन्हा नोंदवून तपास करावा.”

रस्ता अडवला, धमकी दिली किंवा दंड उकळला असेल तर ते प्रसंग स्वतंत्र परिच्छेदात घाला. भारतीय न्याय संहितेत त्यांना स्वतंत्र कलमं आहेत: गैरपणे अडवणं १२६, धमकी ३५१, धाक घालून पैसे घेणं म्हणजे खंडणी ३०८. एकाच परिच्छेदात सगळं कोंबलं की पोलीस त्यातलं सगळ्यात हलकं उचलतात.

तक्रार पीडिताच्या कुटुंबातल्या माणसालाही देता येते. आई-वडील गावात आणि मुलं मुंबईत, ही कोकणातली नेहमीची स्थिती, तेव्हा मुलाने किंवा मुलीने दिलेली तक्रार चालते. साक्षीसाठी साठीपुढच्या माणसांना आणि कोणत्याही वयाच्या बाईला पोलिसांनी ठाण्यात बोलावून घेता कामा नये; त्यांचा जबाब घरी येऊन घ्यायचा असतो. म्हाताऱ्या आईला तालुक्याला खेटे घालायला लावलं जात असेल तर हे शांतपणे निदर्शनास आणून द्या.

७. पोलीस ठाण्यात

गुन्ह्याचा परिणाम जिथे भोगावा लागतो तिथलं पोलीस ठाणं, म्हणजे तुमच्या गावाचं. बैठक मुंबईत झाली म्हणून “तिकडे जा” असं सांगितलं तर ते खरं नाही. उलट तुम्ही मुंबईत असाल आणि गावी जाणं धोक्याचं असेल तर जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ देता येतो. तो पुढे योग्य ठाण्याकडे पाठवला जातो. ऑनलाइन दिलेल्या माहितीवर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती नोंदली जात नाही.

इथे सगळ्यात मोठा सापळा कागदाच्या प्रकाराचा. ठाण्यातून तीन वेगवेगळे कागद मिळू शकतात आणि नवख्या माणसाला ते सारखेच वाटतात:

– *अर्जाची पोच*: फक्त आवक शिक्का. गुन्हा नोंदलेला नाही.
– *एनसी*: अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. यात कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. बहिष्काराची तक्रार ‘शिवीगाळ’ म्हणून एनसीत बसवणं हा नेहमीचा प्रकार.
– *एफआयआर*: वर गुन्हा क्रमांक आणि कलमं असतात. तुम्हाला हाच हवा. त्याची प्रत मोफत मिळते.

एफआयआरमध्ये २०१६ च्या कायद्याचं नाव आहे का, हे सही करण्याआधी वाचून पाहा. नसेल तर तिथल्या तिथे सांगा.

“आधी चौकशी करतो” असं उत्तर आलं तर लगेच भांडू नका. ३ वर्षांपासून ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते, पण ती १४ दिवसांत संपवावी लागते. परवानगी घेतली आहे का हे विचारा, तारीख वहीत लिहा आणि पंधराव्या दिवशी परत जा.

नोंद होतच नसेल तर पायऱ्या ठरलेल्या आहेत:

(अ) तोच अर्ज, नकाराची तारीख आणि वेळ घालून, जिल्हा पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. रायगडचं कार्यालय अलिबागला, रत्नागिरीचं रत्नागिरीत, सिंधुदुर्गचं ओरोसला. उरण-पनवेलकर इथे चुकतात: जिल्हा रायगड असला तरी तिथली पोलीस ठाणी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाखाली आहेत.

(आ) तरी काही झालं नाही तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली अर्ज करा. सोबत प्रतिज्ञापत्र आणि (अ) ची पोच लागते. पोच नसेल तर अर्ज तिथेच अडतो. म्हणून पोस्टाची पावती आणि पोहोचल्याचा ऑनलाइन दाखला काढून ठेवा.

(इ) कायद्याने थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करण्याचीही मोकळीक दिली आहे. मात्र त्यात पुरावा गोळा करण्याचा भार तुमच्यावर येतो. पोलिसांचा रस्ता अगदीच बंद झाल्याशिवाय हा मार्ग घेऊ नये, असं माझं मत.

उशीर करू नका. ३ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला ३ वर्षांची मुदत असते. बहिष्कार चालू असेपर्यंत गुन्हा चालू आहे असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबून बसण्यात शहाणपण नाही.

गुन्हा नोंदल्यावर तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवायचं असतं. कळवलं नाही तर लेखी विचारा. आरोपपत्र दाखल झाल्यापासून ६ महिन्यांत खटला संपवावा, अशी कायद्यात तरतूद आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, तरी दर तारखेला वकिलामार्फत या तरतुदीची आठवण करून द्यायला हरकत नाही.

८. पीडित अनुसूचित जाती-जमातीचे असतील तर

अॅट्रॉसिटी कायद्याच्या (अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९) कलम ३(१)(झेडसी) मध्ये सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणं आणि त्याची नुसती धमकी देणं, दोन्ही गुन्हा आहेत. शिक्षा ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत. आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचे असावे लागतात. इथे प्राथमिक चौकशीची गरज नाही, तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो, आरोपपत्र ६० दिवसांत अपेक्षित असतं आणि सरकारी अर्थसाहाय्यही मिळतं. अर्जासोबत जातीचा दाखला जोडा.

पाणवठ्यावरून हुसकावलं गेलं तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदाही लागतो. सार्वजनिक पाण्यावरचा हक्क याच किनारपट्टीच्या मागे, महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बजावला गेला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयातून तो निकालाने मिळाला. तरी काही वाड्यांत विहिरीवरून आजही अर्ज लिहावे लागतात.

९. पोलिसांशिवाय कोणती दारं

फौजदारी केस आरोपीला शिक्षा देईल. पण उद्या सकाळी पाणी, वाट आणि मासळीला बर्फ हवा, त्यासाठी हे वेगळे अर्ज एकाच वेळी करा.

*वाट अडवली.* शेतात, बागेत जायची वहिवाटीची वाट बंद केली असेल तर मामलतदार न्यायालय कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करा. अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. ही मुदत चुकली की दिवाणी कोर्टाची वर्षानुवर्षांची वाट धरावी लागते. फक्त घराची पाखाडी अडवली असेल तर हा कायदा उपयोगी पडेलच असं नाही. तिथे न्याय संहितेच्या कलम १२६ ची पोलीस तक्रार आणि दिवाणी मनाई हुकूम.

*नळ, दाखले.* गावकी आणि ग्रामपंचायत या वेगळ्या गोष्टी आहेत, जरी खुर्च्यांवर तीच माणसं असली तरी. नळजोडणी तोडली किंवा दाखला अडवला तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी मागणी, मग गटविकास अधिकारी. दाखले ‘आपले सरकार’वरून मागा, लोकसेवा हक्क कायद्याखाली त्यांना मुदत असते आणि नकार लेखी द्यावा लागतो.

*रेशन.* दुकानदार टाळत असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत तक्रार करा आणि तोवर दुसऱ्या गावच्या दुकानातून अंगठा लावून धान्य उचला. शिधापत्रिका कोणत्याही दुकानात चालते.

*मच्छीमार.* होडीवर खलाशी येऊ न देणं, रापणीतला (किनाऱ्यावरून मिळून ओढायच्या जाळ्यातला) वाटा बंद करणं, जेट्टीवर बर्फ न देणं हे धंद्याचे संबंध तोडायला लावणंच आहे. अर्जात तसं लिहा. मच्छीमार सोसायटीतून काढलं असेल तर तो ठराव पाहायला मागा. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे हजर सभासदांच्या तीन चतुर्थांश मतांचा ठराव, तुमचं म्हणणं मांडण्याची संधी आणि निबंधकांची मंजुरी, या तिन्हींशिवाय हकालपट्टी टिकत नाही. गावकीच्या बैठकीतून झालेली हकालपट्टी तर मुळातच पोकळ.

*बैठक होणार असल्याची कुणकुण.* जिल्हाधिकाऱ्यांना अशी बैठक होण्याआधीच तिला मनाई करता येते. कोकणात या बैठका शिमगा, गणपती आणि मे महिन्याच्या सुट्टीत होतात, कारण चाकरमानी तेव्हाच गावी असतात. त्यामुळे अर्ज सणाच्या पंधरा दिवस आधी द्या; चतुर्थीच्या आदल्या दिवशी दिलेला अर्ज टपालात पडून राहतो. या कायद्याखाली सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. तुमच्या तालुक्यासाठी कोण आहे हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा आणि अर्जाची एक प्रत त्यांना द्या.

*पोलिसांनीच हयगय केली.* राज्य मानवी हक्क आयोग, मुंबई. शुल्क नाही, मराठीत साध्या कागदावर चालतं, घटनेपासून एका वर्षाच्या आत. आयोग सरकारी सेवकांच्या कृतीबद्दल किंवा हयगयीबद्दल असतो. गावपंचांविरुद्ध तिथे अर्ज करून उपयोग नाही, गुन्हा न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध आहे.

१०. थांबायला वेळ नसेल तेव्हा

मयत घरात आहे आणि स्मशानात नेऊ देत नाहीत: ११२ ला फोन, पाठोपाठ पोलीस पाटील आणि तहसीलदार. फोनवर “अंत्यविधी अडवला जातोय” हेच वाक्य आधी सांगा, वाळीत प्रकरणाची हकीकत नंतर. अंत्यविधीत अडथळा आणणं हा न्याय संहितेच्या कलम ३०१ खालीही गुन्हा ठरतो. पोलीस पाटलाला केलेल्या फोनची वेळ लिहून ठेवा. गावातल्या गुन्ह्याची खबर वर कळवणं हे त्याचं काम आहे.

आंतरजातीय लग्नामुळे बहिष्कार आणि जिवाला धोका, दोन्ही असतील तर गावाच्या ठाण्यात न जाता थेट पोलीस अधीक्षकांकडे संरक्षण मागा. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा.

११. वकील

तालुका कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांच्या आत असेल तर. हेल्पलाइन १५१००. घरातल्या बाईच्या नावे तक्रार असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची खटपट वाचते. वकील शक्यतो शेजारच्या तालुक्याचा घ्या. आपल्याच तालुक्यातल्या वकिलाला गावकीतल्या माणसांच्याही केसेस असतात, आणि तो प्रामाणिक असला तरी अवघडतो.

१२. तडजोड आली तर

येतेच. गुन्हा नोंदल्यावर आठवडाभरात कोणीतरी मध्यस्थ नारळ घेऊन दारात उभा राहतो. तडजोड वाईट नसते. गावातच राहायचं असतं, आणि शिक्षा होऊन पालखी दारात येत नाही. पण ती कुठे आणि कशी होते यावर सगळं अवलंबून असतं.

तंटामुक्ती समितीसमोर किंवा देवळात झालेल्या समेटाने केस संपत नाही. या गुन्ह्यात समेट पीडिताच्या संमतीने आणि कोर्टाच्या परवानगीने होतो. म्हणून देवळात कौल लावून “आता विसरा” म्हणणाऱ्यांना सांगा, लिहून घेऊ आणि कोर्टात देऊ. कागदावर या गोष्टी याव्यात: बहिष्कार होता आणि तो अमुक तारखेला मागे घेतला, हे त्याच ठिकाणी, तितक्याच लोकांसमोर जाहीर केलं, घेतलेला दंड परत केला, वर्गणी इथून पुढे स्वीकारली जाईल, पुन्हा झालं तर ही तक्रार विचारात घेतली जाईल. ‘गैरसमजातून तक्रार दिली’ असं वाक्य कोणी घुसवलं तर सही करू नका. त्या एका वाक्याने तुमची तक्रार खोटी ठरते आणि पुढच्या वेळी तोच कागद तुमच्याविरुद्ध वापरला जातो.

आणि सही करण्याआधी एक सण जाऊ द्या. समेटानंतरच्या पहिल्या शिमग्यात किंवा गणपतीत आमंत्रण येतं का, पालखी थांबते का, हे पाहा. कोर्टाकडे त्यासाठी पुढची तारीख मागता येते.